हमीदभाईंची काळी सुरी

७ एप्रिल, सोमवार

आज मी एका टोमॅटोकडून हरले. इतिहास याची दखल घेणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

वय बावन्न. गावातल्या साप्ताहिकात दर शनिवारी लोकांची सालटी काढते — नाट्यस्पर्धेच्या परीक्षकांची, सत्कारात शाल ओढून घेणाऱ्यांची, एका लग्नात दोन पंगतींना बसणाऱ्यांची. आणि घरात टोमॅटो ऐकत नाही! खणात सुऱ्या सात. सातही भेट आलेल्या. एकीवर पतपेढीचं नाव, एकीच्या मुठीवर फुलपाखरू. कापत एकही नाही. टोमॅटोवर सुरी ठेवली की तो आधी दबतो, मग थोडा विचार करतो, आणि मग फुटून थेट माझ्या चष्म्यावर येतो. असा अन्याय मी सोसायचा तरी किती? संसार सोसला, नवऱ्याचं गाणं सोसलं. आता टोमॅटोचंही सोसू?

नवरा म्हणाला, "विळीवर काप की."

विळीवर बसायला गुडघे लागतात. माझे केव्हाच संपले. हे त्याला माहीत आहे. तरी म्हणाला!

८ एप्रिल

सुरी आली! अशी आली की विश्वास बसत नाही.

आमच्या कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडचे शेजारी, हमीदभाई. चोवीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होते, आता घरी बसून आम्हा सगळ्यांच्या कालवणात मीठ कमी असल्याचं सांगतात. आज रात्री मुंबईला निघालेत, मुलीकडे — समरीनकडे. मोतीबिंदूचं ऑपरेशन. अकरा दिवस तिकडेच. बरोबर जन्नतभाभी. गडग्यावरून सहज टोमॅटोचं गाऱ्हाणं सांगितलं, तर आत गेले आणि खिळ्यावरची सुरी काढून माझ्या हातात दिली.

ती सुरी! अद्नानलाही ते तिला हात लावू देत नाहीत — सख्खा मुलगा! साध्या पोलादाची, स्टेनलेस नव्हे. पहिल्या फेरीत अँटवर्पला घेतलेली. तव्यासारखी काळी, टोकाकडे जरा तपकिरी. जहाजावरून आणलेलं घड्याळ बंद पडलं, टेप बंद पडला, ही तेवढी चालू आहे, असं ते नेहमी सांगतात.

म्हटलं, "अहो, मला कशाला?"

"पडून राहिली तर गंजेल ओ, ताई. इथली हवा खारी. वापरात असली की काय होत नाही तिला. कापा, धुवा, लगेच पुसा, खोबरेलाचा एक थेंब. बाकी काही करू नका."

"बाकी काय करणार मी?"

हे मी विचारलं. मीच.

९ एप्रिल

टोमॅटो! कागदासारखे! एका चकतीतून मी नवऱ्याला पाहिलं, तांबडा आणि पारदर्शक दिसला, त्याला शोभून दिसलं. मग कांदा. मग काकडी. मग दुधी — घरात दुधी कुणीही खात नाही. मग फ्रिजमधलं जे जे कापता येतं ते सगळं. संध्याकाळी कोथिंबीर इतकी बारीक चिरली की ती फुंकरीने उडाली.

नवरा म्हणाला, "घरात कापायचं थोडं शिल्लक ठेव. माणसं आहेत."

मी नुसती हसत होते. बावन्नाव्या वर्षी प्रेमात पडावं ते असं. धार लावलेल्याच्या.

१० एप्रिल

परवा हनुमान जयंती. देवाची तांब्याची उपकरणी घासायला काढली. चिंच, चुलीतली राख, नारळाचं सोडण. पंचपात्री अशी लखलखली की हुरूप आला. चिंच उरली होती. राख उरली होती. ओट्यावर ती काळी सुरी होती.

आणि माझ्या मनात कृतज्ञता दाटून आली.

म्हटलं, त्या माणसाने आपली जिवापाड जपलेली वस्तू दिली, आपण ती घेतली तशीच परत करायची? आईने शिकवलंय, दुसऱ्याची वस्तू घेतली त्याहून स्वच्छ करून द्यावी. बिचाऱ्यांना दिसत नसणार, डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेला. पेपरसुद्धा भाभी वाचून दाखवतात. भाभींना मनगटाचं दुखणं. कोण घासणार?

सव्वा तास घासली. हट्टी काळं होतं, पण मीही काही कमी नाही. आधी तपकिरी गेलं, मग काळं, मग राखाडी. शेवटी आरसा! आरशात माझा चेहरा — तांबडा, घामेजलेला, फार फार समाधानी. लेक राही पुण्याला, तिला फोटो पाठवला. खाली लिहिलं, "ओळख पाहू!"

— त्याच दिवशी, संध्याकाळी

राहीचा फोन आला. लेकीने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "आई, तू नक्की काय केलंयस?"

११ एप्रिल

सकाळी सुरीवर केशरी ठिपके. गंज! एका रात्रीत!

राहीच्या घरात असल्या पोलादाची सुरी आहे, त्यामुळे लेक आता मला शिकवते. तिने जे सांगितलं ते असं. तो काळेपणा म्हणजे मळ नव्हता. वर्षानुवर्षं कांदा, लिंबू, मटण, मासे कापून पोलादावर स्वतःहून चढलेला थर होता तो. तो थर आतल्या पोलादाला गंजू देत नाही. लोक मुद्दाम चढवतात. "चोवीस वर्षांचा होता ना तो, आई? चोवीस!"

"चोवीस आणि वर घरची नऊ," मी म्हटलं. हिशोबात मी पहिल्यापासून पक्की.

"मग तेहतीस वर्षं तू सव्वा तासात घासलीस."

एकोणीसला हमीदभाई परत येणार. नवे डोळे घेऊन! जुन्या डोळ्यांनी आले असते तर सुरी खिळ्याला लावून गप्प राहता आलं असतं, अंधुक माणसाला अंधुक सुरी. पण नाही. मी ज्या आठवड्यात त्यांची सुरी कोरी केली, नेमक्या त्याच आठवड्यात मुंबईचा डॉक्टर त्यांचे डोळे कोरे करतोय. असा योग पत्रिकेत लिहावा लागतो.

आणि मी आजवर त्यांच्याबद्दल लिहिलंय — तीनदा. मिठावरून दोनदा, घड्याळावरून एकदा. त्यांनी तीनही वेळा गडग्यावर येऊन, "झकास, ताई," म्हटलं. याला ते झकास म्हणणार नाहीत. काहीच म्हणणार नाहीत. तीच भीती आहे. तो माणूस ती सुरी खिळ्यावरून काढेल, बघेल, परत लावील, आणि यापुढे गडग्यावर येणार नाही.

आठ दिवस आहेत. सुरी काळी करायची. ठरलं!

१२ एप्रिल

राही म्हणाली आंबट लागतं. आंबट! कोकणात! मी मोठ्याने हसले. पुण्याच्या पोरीने मला आंबट शिकवावं? माझ्या फडताळात कोकमाच्या आगळाच्या तीन बाटल्या आहेत, गेल्या मे महिन्यातलं, माझ्या हातचं, जांभळं काळं. ज्याने पांढरा सदरा कायमचा जांभळा होतो त्याने पोलाद काय, देवगडचा किल्लाही काळा होईल.

आधी बारीक रेतीच्या कागदाने गंज काढला. मग उभ्या बरणीत आगळ ओतलं, सुरी आत सोडली, मुठीपर्यंत. वर ताटली. देवाजवळ ठेवली, निदान तो लक्ष ठेवेल.

१३ एप्रिल

केशरी. पूर्ण केशरी! मेथीचा लाडू दिसावा तशी! आगळ पण गढूळ.

राहीला फोन. तिने फोटो मागवून घेतला. मग, "आई, आगळात मीठ घालतेस ना तू?"

घालते. सगळेच घालतात. मीठ न घातलेलं आगळ वर्षभर टिकत नाही, हे आम्हाला पाळण्यात शिकवतात. मीठ पोलादाला खातं, हेही आम्हाला पाळण्यात शिकवतात — गेटचे गज, सायकली, खिडकीच्या सळ्या, सगळं डोळ्यांदेखत झिजतं इथे. दोन्ही गोष्टी मला येत होत्या. एकाच वेळी आठवल्या नाहीत, एवढंच.

नवरा म्हणाला, "हनुमानानेही लक्ष ठेवलं नाही."

त्याला मी आज कोकमाचं सार दिलं नाही.

दुपारी पुन्हा घासली. दुकानातलं व्हिनेगर आणलं, मीठ नसलेलं — बाटलीवरचा बारीक मजकूर भिंगाने वाचून. कोमट करून त्यात वीस मिनिटं. काढली तर राखाडी! खरंच राखाडी! मी ओट्याभोवती एक फेरी नाचले. गुडघ्यांनी हरकत घेतली, मी फेटाळली.

मग उजेडात धरली. पात्याच्या मधोमध पाच पांढरे ठिपके. एक मोठा, चार छोटे. बुडवण्याआधी मी ज्या हाताने पातं चाचपलं त्याला खोबरेल लागलेलं होतं. तेल होतं तिथे रंग धरलाच नाही.

पाच बोटं. माझी. पोलिसांना कष्टच नको!

१४ एप्रिल

अजून तिथेच आहेत.

१५ एप्रिल

सकाळी मासळीबाजारात. धोंडूबाई तिथे मासे कापून देते, चाळीस वर्षं झाली, तिची कोयती कोळशासारखी काळी. मी पिशवीतून सुरी काढून पदराआड दाखवली. चोरीचा माल दाखवावा तशी.

तिने उलटसुलट केली. मग माझ्याकडे बघितलं.

"कोणी घासलान गो ही?"

"मीच."

"तू? पेपरात लिवतेस ना गो तू?" बाजूच्या दोघींना हाक मारून तिने सांगितलं, "ही बघा. सुरीला न्हाऊ घातलान हिने!"

तिघी हसल्या. एकीचा कोळंबीचा वाटा ओघळला. मीही हसले, दुसरं काय करणार. वीस वर्षं मी लोकांचं हसं करते, त्यांना कसं वाटत असेल ते आज कोळंबीच्या वासात कळलं. फार वाईट नाही वाटत. थोडंच वाईट वाटतं. पण बराच वेळ.

हसून झाल्यावर धोंडूबाईने पातं नखाने तपासलं. म्हणाली, "बोंडू हायत का घराकडं? काजीचे?"

"परसात सडतायत."

"तेच काप. बोंडू कापायचे, रस पुसायचा नाय. पान खाऊन होईस्तोवर तसाच ठेवायचा. मग धू. पूस. परत काप. दिसातनं चार खेपा. केळी असली हिरवी तर ती पण. आणि शेवटाक सुरमय आण माझ्याकडची, ताजी, तिचं रगत लागू दे. पण तेही जरा वेळच गो! वर राहिला तर परत तांबेरा. आणि हाताला तेल नको!"

"ते कळलं."

"ता दिसताय," म्हणाली, आणि पाच बोटांवर आपली पाच बोटं ठेवून पुन्हा हसायला लागली.

१६ एप्रिल

बोंडू, बोंडू, बोंडू!

परसात तिन्ही काजूंखाली बिया काढून टाकलेल्या बोंडवांचा पसारा पडलेला. गेल्या वर्षीपर्यंत मी तो बघून नाक मुरडत होते. आज टोपली घेऊन वाकले. सुरी आधी भांड्यांचा साबण लावून, गरम पाण्याने धुतली. हातही. हात तीनदा.

पहिला बोंडू कापला — पिवळा धमक, घळघळ रस — आणि पात्यावर लगेच एक सावली उमटली! डोळ्यांदेखत! ढग यावा तशी. मी ओरडले. नवरा धावत आला, त्याला वाटलं बोट गेलं.

"काळी होतेय!"

"कोण?"

असा माणूस आहे. पण मग तोच स्टूल ओढून बसला. मी कापायचे, तो घड्याळ बघायचा. पान आम्ही खात नाही, म्हणून एक जुनं नाट्यगीत पुरं होईस्तोवर थांबायचं असं ठरलं. तो गायचा. मी सोसलं. चौथ्या खेपेला पाच बोटांपैकी तीन बुजली! संध्याकाळपर्यंत घरभर बोंडवाचा तो आंबूस वास, चाखून चाखून माझा घसा खरखरीत, ओट्यावर डाग, माझ्या गाऊनवर डाग, नवऱ्याच्या बनियनवर डाग — आणि हे डाग जन्मात जात नाहीत! जगातला सगळा मळ हट्टाने चिकटतो, फक्त हमीदभाईंचा तेवढा मी घालवू शकले.

१७ एप्रिल

केळी कापली, हिरवी. पुन्हा बोंडू. अंगठ्याचा ठिपका तेवढा उरलाय.

राहीला फोटो पाठवला. तिचं उत्तर: "आई, माझीपण करून दे ना." पोरीला चार वर्षांत माझं काही हवं वाटलं नव्हतं.

१८ एप्रिल

निळी! निळी!! सुरमई चिरली, धोंडूबाईने सांगितलं तेवढाच वेळ थांबले, धुतली, आणि खिडकीशी नेली तर मुठीपासून टोकापर्यंत निळी. रात्रीच्या नव्हे, भरदुपारच्या समुद्रासारखी, मधेच जांभळी, धारेपाशी सोनेरी. अंगठाही गेला. तेल लावून फडक्यात गुंडाळली आणि दर दहा मिनिटांनी उघडून बघतेय.

फक्त काळी नाहीये. काळी होती, निळी झालीये. उद्या ते येणार.

१९ एप्रिल, शनिवार

आले. काळा चष्मा, जहाजाचा कप्तान असल्यासारखे. सुरी मी सरळ त्यांच्या हातात दिली, भाषण तयार होतं. दोन वाक्यं माफीची, एक विनोदाचं.

त्यांनी चष्मा काढला. सुरी उजेडात नेली. फिरवली. मग एकदम:

"जन्नत! बाहेर ये! अगं ही निळी आहे!"

भाभी आल्या. पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"इतकी वर्षं मी हिला काळी समजत होतो! मोतीबिंदूच्या पायी! बघ, बघ, जांभळा पण आहे! ताई, तुम्हाला दिसत होता हा निळा? सगळ्यांना दिसत होता? मला कोणी सांगितलं कसं नाही?"

आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडावं? "आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

वीस वर्षांत मी एवढं वाईट वाक्य लिहिलेलं नाही.

२० एप्रिल

हमीदभाई सुरी घेऊन जेटीवर गेले. दाखवायला! येणाऱ्याजाणाऱ्याला! डॉक्टरचं नाव सांगतायत लोकांना. दोन माणसं डोळे तपासायला निघाली म्हणे.

मी घरात बसून लेख लिहिला. काय विषय आहे! माणसाला नवे डोळे मिळतात आणि पहिली गोष्ट दिसते ती खोटी. पाऊण तासात उतरला, एक शब्द खोडावा लागला नाही. नवऱ्याला वाचून दाखवला. हसायच्या जागा आठ होत्या. तो आठही जागी गप्प.

म्हटलं, "चांगला नाही?"

"चांगला आहे. आता ते स्वतः वाचतील ना पेपर."

लेख फाडला. चार तुकडे. मग त्यांचे चार.

२१ एप्रिल

गडग्यावरून हाक आली, "ताई, आज उन्हात अजून निळी दिसते!" मी पंपाच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवलं. पंप बंद होता.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी पलीकडे गेले आणि सांगितलं. चिंच, राख, आगळ, पाच बोटं, धोंडूबाई. एकही विनोद न करता. चुकलं माझं, हेही.

हमीदभाईंनी बशीतला चहा संपवला. म्हणाले, "डावा डोळा माझा जानेवारीतच झालाय, ताई. तुम्ही पुण्याला होतात लेकीकडे. सुरी तुमच्या हातात दिली तेव्हा मला तिच्यावरचा डाग न् डाग दिसत होता."

"मग पेपर भाभी कशाला—"

"ती वाचते ते बरं वाटतं."

आतून भाभी म्हणाल्या, "मी म्हटलेलं, खरं सांगायला आठवडा लागेल. हे म्हणाले, तीन दिवसांत येतील. आलात!"

मी सुरीकडे बघितलं. "आणि तुमचा काळा?"

"गेला तो गेला," ते म्हणाले. थोडं थांबले. थांबले ते मी पाहिलं. "हा पण वाईट नाही."

संध्याकाळी अद्नान कुवेतहून यायचाय, जेवणाचा मोठा बेत. हमीदभाईंना महिनाभर कांदा, धूर, वाकणं बंद. दुखऱ्या मनगटाने भाभींनी कांद्यांची पाटी पुढ्यात ओढली होती. मी ती माझ्याकडे घेतली. हमीदभाईंनी सुरी पुढे केली. बारापर्यंत पाटी रिकामी झाली. सुरी धुतली, पुसली, तेलाचा थेंब लावला, खिळ्याला अडकवली आणि मागच्या दाराने घरी आले.